जेवून झालेले बॅरिस्टर

नावाच्या आधी 'बॅ.' हे एक अक्षर लागले की माणूस गावात वेगळा दिसू लागे, असा एक काळ होता. सभेच्या हस्तपत्रकात, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेत, निवडणुकीच्या भिंतीवर ते अक्षर ठळकपणे मिरवत असे. त्या अक्षराच्या मागे काय काय असते असे कोणी विचारले तर जाणते लोक सांगत : विलायतेचा प्रवास, कायद्याची जाडजूड पुस्तके, साहेबी पोशाख आणि वडिलांच्या डोक्यावरचे कर्ज. हे सारे खरेच होते. परंतु ते अक्षर मिळविण्याची आणखी एक अट होती आणि तिची कल्पना आपल्याकडे फार थोड्यांना असे. ती अट जेवणाची होती. नेमून दिलेल्या दालनात, नेमून दिलेल्या संख्येने जेवणे झाल्याखेरीज कोणालाही बॅरिस्टर होता येत नसे. परीक्षेत पहिला आला तरी नाही.

हे ऐकून हसू येणे साहजिक आहे. ठाण्याच्या कोर्टातले काम आटोपून मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीकडे वळणारी वकीलमंडळी आपल्या परिचयाची आहेत. परंतु मिसळीच्या बशा मोजून कोणाला सनद मिळते असे काही आपण ऐकलेले नाही. लंडनमध्ये मात्र हा प्रकार शेकडो वर्षे चालत आला. आणि तो नुसता गमतीचा विषय नाही. कारण ज्या समाजात कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे यावर माणसाची जात, प्रतिष्ठा आणि घरचा उंबरठासुद्धा ठरत होता, त्या समाजातली मुले तेथे जाऊन परक्यांच्या पंक्तीला बसली. त्या जेवणाचे इकडे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम ती पद्धत समजून घेऊ. लंडनमध्ये बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्था आहेत : लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. 'इन' म्हणजे मूळ अर्थाने उतरण्याची जागा. मध्ययुगात राजाच्या न्यायालयांत काम करणारे वकील आणि त्यांचे शिष्य अशा वाड्यांतून एकत्र राहत, एकत्र जेवत आणि जेवणानंतर लुटुपुटूचे खटले चालवून एकमेकांची परीक्षा घेत. आपल्या गुरुकुलाशी याचे नाते सहज लक्षात येईल. फरक इतकाच, की येथे गुरूच्या घरी लाकडे फोडावी लागत नसत. पुढे शिष्यांचे तेथील राहणे संपले, शिकवणे इतरत्र गेले, लेखी परीक्षा आल्या. पण जेवण मात्र राहिले. विद्यार्थी हजर होता याची खूण म्हणजे तो जेवला, असा नियम होऊन बसला. जुन्या संस्थांचे असेच असते. आत्मा केव्हाच निघून जातो आणि ताट तेवढे मांडलेले राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा हिशेब कसा होता ते गांधीजींनी आत्मकथेत नीट लिहून ठेवले आहे. बॅरिस्टर होण्यासाठी बारा 'टर्म' भराव्या लागत. वर्षातून चार, म्हणजे सुमारे तीन वर्षे. प्रत्येक टर्ममध्ये चोवीसच्या सुमारास जेवणे होत आणि त्यांपैकी निदान सहांना हजर राहणे आवश्यक असे. 'टर्म खाणे' असाच शब्द विद्यार्थ्यांत रूढ होता. गंमत अशी, की प्रत्यक्ष काही खाल्लेच पाहिजे अशी सक्ती नव्हती. नेमल्या वेळी येऊन नाव नोंदवायचे आणि जेवण संपेपर्यंत बसून राहायचे, एवढे पुरे. काळा झगा घालून विद्यार्थी लांब बाकांवर बसत. वरच्या टेबलावर 'बेंचर' म्हणजे संस्थेचे ज्येष्ठ धुरीण बसत आणि त्यांच्यापुढे अर्थातच अधिक चांगले पदार्थ येत. एका जेवणाला अडीच ते साडेतीन शिलिंग पडत. त्या काळचे दोन-तीन रुपये. बाहेरच्या चांगल्या उपाहारगृहात नुसत्या दारूला तेवढे पैसे पडले असते, म्हणून हे स्वस्त मानले जाई.

विद्यार्थ्यांच्या चौघाचौघांच्या चौकड्या असत आणि प्रत्येक चौकडीपुढे दारूच्या दोन बाटल्या येत. आता ज्या चौकडीत न पिणारा एखादा असेल तिच्यातील उरलेल्या तिघांचा लाभ उघडच होता. त्यामुळे आईला दिलेल्या वचनाने मद्यमांसाला न शिवणारे मोहनदास गांधी यांना प्रत्येक चौकडीत बोलावणे असे! 'ग्रँड नाइट' म्हणून टर्ममध्ये एक विशेष रात्र होई, त्या रात्री शँपेनही मिळे. मग तर या तरुण वैष्णवाची मागणी फारच वाढे. ज्याच्या व्रताची घरी काळजी वाहिली जात होती, त्याच्या व्रताचे परमुलखात असे कौतुक व्हावे, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

गांधीजी १८८८ च्या नोव्हेंबरात इनर टेंपलमध्ये दाखल झाले. पहिल्या दिवसांत त्या दालनात त्यांच्या वाट्याला पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी एवढेच येई. आणि तेही त्यांना रुचत नसे. पुढे त्यांनी आणि शाकाहारी असलेल्या एका पारशी विद्यार्थ्याने मिळून अर्ज केला, की बेंचरांच्या टेबलावर ज्या भाज्या आणि फळे जातात ती आम्हालाही द्यावीत. अर्ज मंजूर झाला. सत्याग्रहाच्या इतिहासात या अर्जाला कोणी स्थान देत नाही. परंतु मागणी न्याय्य असावी, थोडी असावी आणि ती ज्याच्याकडे करायची त्याच्याच ताटाकडे बोट दाखवून करावी, ही पुढची पद्धत आम्हाला त्या अर्जात दिसते.

इनमधली जेवणे टर्ममागे सहा. उरलेल्या दिवसांचे काय? खरी अडचण तेथेच होती. यजमानीणबाईंच्या घरी बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या उकडलेल्या भाज्या, पावाचे दोन-तीन तुकडे आणि आणखी मागण्याचा संकोच. अशा स्थितीत या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने पोटभर जेवण शोधत शहर पालथे घातले. रोज दहा-बारा मैल चालावे, एखाद्या स्वस्त ठिकाणी पाव खावा आणि अतृप्त परतावे, असे दिवस गेले. अखेर फॅरिंग्डन रस्त्यावर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. त्याच्या काचेआड विक्रीला मांडलेल्या पुस्तकांत हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक होते. ते एका शिलिंगला घेऊन गांधीजी आत गेले आणि इंग्लंडात आल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. तोवर मांस न खाणे हे आईला दिलेले वचन होते. त्या पुस्तकानंतर ते स्वतःचे मत झाले. खानावळीत शिरलेला माणूस तत्त्वज्ञान घेऊन बाहेर पडल्याचे असे उदाहरण विरळाच.

हॉबर्न रेस्टॉरंटमधला प्रसंग याच्या अगदी उलट आहे. एका स्नेह्याने नाटकाला जाण्यापूर्वी त्यांना त्या भव्य ठिकाणी जेवायला नेले. एवढ्या थाटात तरी हा मुलगा प्रश्न विचारणार नाही, अशी त्याची अटकळ होती. सूप आले. ते कशाचे आहे हे मित्राला कसे विचारावे, म्हणून गांधीजींनी वाढप्याला खुणेने बोलावले. मित्राने ते पाहिले आणि तो संतापला : सभ्य समाजात वागता येत नसेल तर बाहेर जाऊन कोठेही जेवावे आणि आपली वाट पाहावी, असे त्याने सांगितले. गांधीजी उठले. जवळच एक शाकाहारी उपाहारगृह होते, पण ते बंद झालेले. म्हणून त्या रात्री ते उपाशीच नाटकाला गेले. सांगण्यासारखे हे, की मित्राविषयी त्यांनी कडवटपणा धरला नाही. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला उपाशी राहण्यापेक्षा चारचौघांत प्रश्न विचारणे कठीण जाते, हे ज्यांची मुले बाहेर शिकून आली आहेत त्यांना सांगायला नको.

पुढे त्यांनी हिशेबाची वही धरली. एक खोली, एक स्टोव्ह. सकाळी ओटची लापशी आणि कोको घरी, दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा पाव आणि कोको. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. विलायतेत शिकणारा मुलगा म्हणजे बापाचे घर धुऊन नेणारा, हा समज त्या एका वहीपुरता तरी खोटा ठरला.

आता या साऱ्याची इकडची बाजू पाहा. मुंबईत बोटीवर चढण्यापूर्वी जातीच्या सभेने त्यांना बहिष्कृत केले होते. आणि जो कोणी त्यांना मदत करील किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठेवला होता. बहिष्काराचे कारण समुद्र ओलांडणे असे सांगितले गेले. पण त्याच्या पोटात शंका होती ती ताटाची. तेथे गेल्यावर साहेबांबरोबर खाणेपिणे आलेच, असे शेठजी म्हणत होते. म्हणूनच १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर वडील भावाने त्यांना नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटला पोहोचल्यावर ज्ञातिभोजन घातले. म्हणजे इनच्या दालनात बारा टर्म जेवून जे मिळविले, ते घरात आणण्यासाठी पुन्हा एक जेवण घालावे लागले. त्यानेही सारे दार उघडले नाही. जातीतला एक तट बाहेरच राहिला. आणि त्या तटातील नातलगांच्या, सासुरवाडीच्या घरीसुद्धा गांधीजी पाणी पीत नसत, कारण त्यांना चोरून पाजणे आपल्याला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हे फक्त गुजराती वाण्यांचे होते असे मानण्याचे कारण नाही. गांधीजी लंडनमध्ये टर्म खात होते त्याच सुमारास, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेत पाद्र्यांनी पुढे केलेल्या चहाबिस्किटांवरून केवढे ग्रामण्य माजले! सभेला न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी या थोरांनाही प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. न्यायाचा निकाल लिहिणारा हात चहाच्या पेल्यापाशी आरोपी ठरला.

या जागी आपल्या कल्याणच्या एका मुलीची आठवण होणे अपरिहार्य आहे. ती कायदा शिकायला गेली नव्हती, वैद्यक शिकायला गेली. पण ताटाचा प्रश्न तिच्यापुढे अधिक कठोरपणे उभा राहिला. कल्याणच्या जोशांची यमुना, म्हणजेच आनंदीबाई जोशी. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे जाहीर भाषणात तिने सांगितले, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. बोलायला हे एक वाक्य. पण फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात त्याचा अर्थ असा झाला, की अभ्यास करायचा, मुडदे चिरायचे आणि धुराने भरणाऱ्या शेगडीशी झगडत स्वतःचे अन्न स्वतः शिजवायचे. गांधीजींना निदान फॅरिंग्डन रस्ता सापडला. एकोणीस वर्षांच्या आनंदीबाईंना बाहेर जेवण्याची सोय नव्हती आणि बाहेर जेवण्याची मुभाही नव्हती. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. त्या क्षयाला केवळ उपासमार कारण झाली असे आम्ही म्हणणार नाही. तो रोग त्या काळी घरोघर होता. परंतु थंडी, श्रम आणि अपुरे अन्न यांनी त्याला वाट मोकळी करून दिली असे मानायला जागा आहे. आनंदीबाईंच्या धैर्याचे पोवाडे आपण गातो. त्यांच्या ताटात काय होते हेही एकदा पाहिले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधल्या विद्यार्थ्यांना आपले म्हणावे असे एक स्वयंपाकघर मिळाले. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ च्या जुलैत हायगेट भागात 'इंडिया हाउस' उघडले. तेथे सुमारे पंचवीस-तीस विद्यार्थ्यांची राहण्याची सोय होती आणि आपल्या पद्धतीचे जेवण मिळे. हे घर म्हणजे राजकारणाचा अड्डा होता, हे खरे. परंतु तो अड्डा जमला तो घरच्या चवीच्या आधाराने, हेही तितकेच खरे. परमुलखात वरण-भाताच्या वासाने जेवढी माणसे एकत्र येतात तेवढी जाहीरनाम्याने येत नाहीत. लोकमान्यांच्या शिफारशीने शिष्यवृत्ती मिळवून विनायक दामोदर सावरकर १९०६ साली तेथे गेले आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले.

१९०९ च्या २४ ऑक्टोबरला बेझवॉटरमधील एका भारतीय उपाहारगृहात तेथल्या मंडळींनी दसऱ्याचे भोजन ठरविले आणि अध्यक्ष म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या कामासाठी आलेल्या बॅरिस्टर गांधींना बोलावले. जेवण शाकाहारी असावे, ही त्यांची अट मान्य झाली. त्या मंडळींपैकी डॉ. राजन यांनी पुढे आठवण सांगितली आहे, की स्वयंपाकाच्या गडबडीत एक लहानखुरा माणूस येऊन मुकाट्याने कामाला लागला, आणि अध्यक्ष ते हेच, हे कित्येकांना मागाहून कळले. त्या भोजनात गांधी आणि सावरकर दोघेही रामावर बोलले. दोघांच्या मार्गांत किती अंतर होते आणि पुढे ते किती वाढले हे सर्वांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी दोघांनी एका पंक्तीत जेवण घेतले एवढे खरे.

सावरकरांची कायद्याची जेवणे मात्र वाया गेली. परीक्षा झाल्या होत्या, टर्म भरल्या होत्या. पण त्यांच्या राजकारणामुळे ग्रेज इनच्या बेंचरांनी १९०९ साली त्यांना बॅरिस्टर म्हणून घेण्यास नकार दिला. टर्म खाणे आवश्यक होते, पुरेसे नव्हते. तिकडे सनद हुकलेल्या या विद्यार्थ्याने पुढे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत रोटीबंदीवर हल्ला चढविला, सहभोजने घडवून आणली आणि १९३३ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृह काढले. या सहभोजनांमागे लंडनची चौकडी होती असे सिद्ध करता येणार नाही. पण ज्याने तो अनुभव घेतला त्याच्या मनात पंगतीचा धाक उरणे कठीण, असे आम्हाला वाटते.

आता त्याच ग्रेज इनमधला दुसरा विद्यार्थी. भीमराव रामजी आंबेडकर १९१६ च्या नोव्हेंबरात तेथे दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना मध्येच परतावे लागले. आणि १९२० साली थोडी शिल्लक, थोडे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या त्या दिवसांतील खाण्याचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे आणि ते महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत आहे. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मुरंबा, मासळीचा तुकडा आणि कपभर बोव्हरिल. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बैठक. रात्री पुन्हा बोव्हरिल आणि बिस्किटे. मध्यरात्रीपर्यंत अभ्यास चाले आणि दहाच्या सुमारास भूक अनावर होई. तेव्हा एका परिचिताने दिलेल्या पापडांपैकी दोन-चार भाजून, कपभर दुधाबरोबर ते खात. बाहेर जेवण्याचा प्रश्नच नव्हता. गांधीजींना लंडनमध्ये अन्न मिळत होते पण ते चालत नव्हते. आंबेडकरांना चालत होते पण परवडत नव्हते.

परंतु आमच्या मते पापडाची गोष्ट ही या कथेतील दुय्यम गोष्ट आहे. मुख्य गोष्ट अशी, की १९०१ साली हाच मुलगा भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला असता मसूर स्टेशनवर उतरला. बरोबर घरून बांधून दिलेले भरपूर अन्न होते. पण महाराची मुले म्हणून कोणी पाणी दिले नाही आणि पाण्यावाचून डबा तसाच राहिला. अन्न असून उपाशी राहणे म्हणजे काय हे ज्याला नवव्या-दहाव्या वर्षी कळले, तो माणूस ग्रेज इनच्या बाकावर बसला. तेथे वर्णाचा अहंकार नव्हता असे नाही. लंडनमधल्या कित्येक घरमालकिणी काळ्या विद्यार्थ्याला खोली नाकारीत. एडिंबरोत तर १९२७ साली काही उपाहारगृहांनी भारतीय विद्यार्थ्यांना दारे बंद केली. पण इनच्या नियमात मात्र चौघांची चौकडी म्हणजे चौघांची चौकडी. शेजाऱ्याची जात विचारण्याची तेथे सोयच नव्हती आणि वाढप्याचा हात ताटावर थबकत नव्हता. १९२२ साली आंबेडकर बॅरिस्टर झाले. १९२७ च्या मार्चमध्ये ते महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. मसूरचे स्टेशन आणि महाडचे तळे यांच्यामध्ये ग्रेज इनचे ते दालन आहे.

येथे एक मात्र बजावले पाहिजे. सहभोजनाने जात जाते असे आंबेडकरांनी मानले नाही. १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात त्यांनी स्पष्ट मांडले, की एकत्र जेवणे पुष्कळ जातींत चालते, तरी जातीची भावना मेलेली नाही. खरा उपाय मिश्रविवाहाचा. ज्याने जेवणाच्या पंक्तीचे मोल सर्वांत महाग दिले होते त्यानेच तिच्या मर्यादा सांगितल्या, ही गोष्ट सहभोजनाचे फोटो काढून घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

स्त्रियांना तर या दालनात १९१९ च्या कायद्यापर्यंत प्रवेशच नव्हता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. बॅरिस्टर व्हायला त्यांना १९२३ साल उजाडावे लागले. एकतीस वर्षे परीक्षेत उत्तीर्ण आणि जेवणात अनुत्तीर्ण! त्याच वर्षीच्या जानेवारीत मिठन टाटा लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागल्या.

बॅरिस्टरीचा हा प्रवाह कसा आटला ते थोडक्यात सांगतो. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला. आणि ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत झालेल्या बॅरिस्टरांनाच त्या पदवीच्या बळावर इकडची सनद मिळेल, असे ठरले. मग लंडनला जाऊन जेवण्याचे व्यावहारिक कारण उरले नाही. तेथेही बदल झाला. गांधीजींचे इनर टेंपलचे दालन आणि आंबेडकर-सावरकरांचे ग्रेज इनचे दालन, दोन्ही १९४१ च्या बाँबवर्षावात गेली. आज दिसतात ती युद्धानंतर पुन्हा उभारलेली. जेवणांच्या जागी आता 'क्वालिफाइंग सेशन' आले आहेत. त्यांची संख्या दहा असून त्यांत व्याख्याने, लुटुपुटूचे खटले आणि भोजने असे सारे मोजले जाते. जेवणानंतर वादविवाद करण्याची मूळची रीत शेवटी परत आली म्हणायची.

डोंबिवली-कल्याणची मुले आजही कायदा शिकायला लंडनला जातात. पण एक वर्षाच्या एलएल. एम. साठी. त्यांच्या अडचणी निराळ्या आहेत. शाकाहार ही आता अडचण नाही. दुकानातील पुष्कळ पाकिटांवर खूण असते आणि ज्यांची अॅलर्जी येते ते घटक ठळक अक्षरांत छापलेले असतात. गोळ्यांतले जिलेटिन तेवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे. अडचण आहे ती पैशाची आणि वेळेची. बाहेर एकदा बसून जेवायचे तर बिलावर बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क चढवलेले असते; ते ऐच्छिक असते आणि काढून टाका असे सांगता येते, पण हॉबर्नमधल्या त्या मुलाप्रमाणे आपल्या मुलांना विचारायचा संकोच होतो. साधे नळाचे पाणी मात्र मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी मागितल्यास फुकट द्यावेच लागते. हेही पुष्कळांना ठाऊक नसते. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. ते काम बहुधा उपाहारगृहातच मिळते. म्हणजे वकील होऊ पाहणारी आपली मुलगी तेथे बाहेर जेवण्याऐवजी बाहेर वाढत असते.

आणि जाताना आई बरोबर काय देते? भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, गोडा मसाला. हे जरूर द्यावे. तूप आणि पेढे मात्र देऊ नयेत. दुधाचे पदार्थ भारतातून तेथे नेऊ देत नाहीत आणि विमानतळावरच्या टोपलीत घरचे तूप टाकताना मुलांच्या डोळ्यांत पाणी येते. पोळी-भाजी केंद्राच्या आधाराने मोठी झालेली डोंबिवलीची पिढी तेथल्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात पहिल्यांदा कणीक मळते. कुकरची शिट्टी ऐकून शेजारच्या खोलीतील चिनी, नायजेरियन, पंजाबी मुले दारात येऊन उभी राहतात, आणि आठ दिवसांत तेथे आपोआप एक चौकडी जमते. तिला काळा झगा लागत नाही.

लंडनमध्ये आपल्या जेवणाच्या जागा आल्या आणि गेल्या. महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. सणासुदीची पंगत तेथे मिळते. हौन्स्लोला मुंबईच्या एका कॉलेजात एकत्र शिकलेल्या दोघा मित्रांनी २०१० साली वडापाव विकायला सुरुवात केली आणि तो चालला. स्ट्रँड रस्त्यावरचा इंडिया क्लब मात्र गेला. कृष्ण मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९५१ साली स्थापन झालेल्या या क्लबातले साधे डोशाचे ताट लॉ कोर्ट, टेंपल आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांपासून पायी पाच-दहा मिनिटांवर होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या तेथे जेवल्या. इमारतीच्या मालकांना नवे हॉटेल करायचे होते. बरीच वर्षे झगडून सप्टेंबर २०२३ मध्ये क्लब बंद पडला.

इनर टेंपलने १९२२ साली, राजद्रोहाच्या शिक्षेनंतर, गांधीजींचे नाव आपल्या पटावरून काढून टाकले होते. ते १९८८ साली पुन्हा दाखल करण्यात आले. आणि आज या संस्थांत भोजनासाठी नाव नोंदविताना आपण काय खात नाही हे आधी कळवायचे असते. त्यासाठी निराळा अर्ज करावा लागत नाही.